प्रथम वर्षाचे जीवशास्त्र आणि आपली मुले



वाणिज्य शाखेच्या पदवीधर कापड व्यापाऱ्याने जीवशास्त्रावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु दुकानात येणाऱ्या पालकांच्या तोंडून एकच तक्रार वारंवार ऐकतो : दहावीला उत्तम गुण मिळवलेला मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी विषय राहिल्याने खचला.

अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 साली बारामतीत सुरू झाले. उच्च शिक्षण सुप्याच्या मुलांच्या आवाक्यात आले, हे आपल्या समाजधुरिणांचे मोठे ऋण आहे. मात्र महाविद्यालयाचे दार उघडले म्हणजे विषयाचे दार उघडतेच असे नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलासमोर अकस्मात इंग्रजी ग्रंथ येतो. शिवाय यांतील पुष्कळ मुले 'नीट' देऊन, वैद्यकीय प्रवेश हुकल्याने येथे आलेली असतात. त्या परीक्षेत 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे. तेही चार पर्यायांतून एक निवडण्याचे. 'असे का घडते?' हे चार ओळींत लिहिण्याचा सराव कोठून असणार?

'परासरण' घ्या. इंग्रजी व्याख्या मुले अचूक म्हणतात. पण काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावताच पाणी का सुटते, असे विचारले की गप्प! मीठ बाहेर वाढले, म्हणून पेशीतील पाणी पटलातून बाहेर आले, एवढेच तर ते आहे. अध्यापकाने आधी काकडी दाखवावी, मुलांना आपापसांत तर्क करू द्यावा आणि मग व्याख्या द्यावी. आपण तरी गिऱ्हाइकाला आधी कापडाचा पोत हाताने पाहू देतो, भाव नंतर सांगतो.

हा केवळ व्यापाऱ्याचा कयास नव्हे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे स्कॉट फ्रीमन हे स्वतः जीवशास्त्राचे अध्यापक. त्यांनी व सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या अध्यापनावरील 225 अभ्यास एकत्र तपासून 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत सरासरी सुमारे 34 टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण होत. जेथे विद्यार्थी वर्गातच प्रश्न सोडवीत, चर्चा करीत, तेथे सुमारे 22 टक्के.

आपल्या समाजातील काही पालक प्राणिशास्त्र म्हटले की विच्छेदनाच्या विचाराने मुलांना मागे ओढत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 साली ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या व 2014 साली पूर्ण बंदीचा निर्णय घेतला. तो अडसर आता राहिलेला नाही. प्रश्न उरतो तो त्या जागी काय आले याचा. संगणकावरील चित्रे उपयुक्त खरी. परंतु जिवंत प्राणी त्याच्या अधिवासात पाहण्याची सर त्यांना नाही.

आणि त्याबाबतीत सुपेकर किती भाग्यवान! 1997 साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आपल्या गावालगतच आहे. क्षेत्र जेमतेम 5 चौरस किलोमीटर, पण गवताळ रानात चिंकारा चरताना दिसतो. दूरदूरचे हौशी छायाचित्रकार येतात. आपली मुले मात्र 'गवताळ परिसंस्था' पुस्तकातून पाठ करतात. कमी पावसात हे गवत कसे तगते, चिंकारा थोड्या पाण्यावर कसा जगतो, हे त्यांनी तेथे पाहून वहीत टिपावे.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. महोत्सवी निधीतून एखादी कमान कमी बांधली तरी चालेल. प्रथम वर्षाच्या प्रत्येक गरजू विद्यार्थ्याला, आम्ही कापडाचे धागे मोजायला वापरतो तसले एक भिंग द्यावे. महाविद्यालय सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस मराठी-इंग्रजी परिभाषेचा वर्ग आपल्या सभागृहात घ्यावा. निवृत्त प्राध्यापकांना सन्मानाने बोलवावे, मानधनही द्यावे, कारण फुकटचे काम चार दिवस टिकते. वर्गात समाजाची अट नसावी. वन विभागाची रीतसर अनुमती घेऊन अभयारण्यातील पहिली फेरी पावसाळा संपताना, गवत फुलोऱ्यावर असताना काढावी. त्या दिवशीच्या वाहनांचा खर्च माझ्या दुकानाकडून स्वीकारावा.