जप्त मिळकतीचा सातबारा

तस्कर पकडला म्हणजे तस्करी बुडाली, ही समजूत कोंकणच्या किनाऱ्यावर तरी फार दिवस टिकली नाहीं. होडी पकडली जाई, खलाशी तुरुंगांत जाई आणि मालाचा खरा धनी दूर शहरांत नवें घर बांधी. म्हणून १९७६ सालीं केंद्र सरकारनें तस्करांची व परकीय चलनाचा गैरव्यवहार करणारांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा कायदा केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'साफेमा' म्हणतात.

या कायद्यान्वयें नेमलेला सक्षम प्राधिकारी कोणास तुरुंगांत धाडीत नाहीं. तो मिळकत पाहतो. सीमाशुल्क कायद्याखालीं शिक्षा झालेल्या किंवा तस्करीसाठीं स्थानबद्ध केलेल्या माणसास नोटीस देऊन तो विचारतो, कीं ही जमीन कोणत्या पैशांतून घेतली? पैसा सचोटीचा होता हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर नसून त्या माणसावर असतो. हें उफराटें वाटेल, आणि वाटावयासच हवें! नातलगांच्या नांवें केलेली मिळकतही सुटत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं हा कायदा वैध ठरविला. मात्र अशा मिळकतीचा तस्कराच्या पैशाशीं संबंध असला पाहिजे, ही मर्यादाही स्पष्ट केली.

रत्नागिरी जिल्ह्यांत या कायद्याची कसोटी लागली ती खेड तालुक्यांतील मुंबके गांवीं. दाऊद इब्राहिमचें घराणें मूळचें तेथलें. वडील मुंबई पोलिसांत नोकरीस होते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईंतील स्फोटांत २५७ माणसें मेलीं. त्यांतील स्फोटकें शेजारच्या रायगड जिल्ह्यांत दिघी व शेखाडी येथें, चोरट्या सोन्याचांदीच्या जुन्या वाटेनेंच उतरलीं होतीं. त्या खटल्यांत सीमाशुल्क खात्याचेच कांहीं अधिकारी दोषी ठरले, हेंही विसरतां येत नाहीं.

धनी हातीं लागला नाहीं. जमीन मात्र पळून जात नाहीं. नोव्हेंबर २०२० मध्यें कुटुंबाच्या जुन्या हवेलीसह मुंबके येथील सहा मिळकती लिलावांत विकल्या गेल्या. पुढें ५ जानेवारी २०२४ रोजीं चार शेतजमिनी लिलावास निघाल्या. पैकीं दोहोंवर बोलीच आली नाहीं, आणि १५,४४० रुपये राखीव किंमतीच्या एका लहानशा तुकड्यावर २ कोटि १ लक्ष रुपयांची बोली झाली. त्या आंकड्याची वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. वास्तविक काळजीची जागा तीच. जमिनीचा भाव मातीवरून न ठरतां जुन्या मालकाच्या नांवावरून ठरूं लागला, तर ती त्याच्या हातून पुरती सुटली असें कसें म्हणावें? शेजारच्या शेतकऱ्यानें ती शेतीच्या भावानें घ्यावी, तींत भात लावावें आणि निर्धास्तपणें सातबाऱ्यावर आपलें नांव चढवावें, तेव्हां प्राधिकाऱ्याचें काम पुरें झालें. बोली न आलेल्या त्या दोन तुकड्यांना त्या दिवशीं असा शेतकरी मिळाला नाहीं.