रस्त्याखालची मोरी



काष्टीचा शनिवारचा बाजार तुम्हाला ठाऊक आहे. दौंड-नगर रस्त्यानं येणाऱ्याची सहसा अडचण होत नाही. मला बोलायचंय ते वस्तीवरून निघणाऱ्यांबद्दल. घोड-भीमेकडच्या या ऊसपट्ट्यात कितीतरी कुटुंबं मळ्यातच राहतात. मळा आणि डांबरी यांच्या मधे ओढा नाहीतर चारी, आणि तिच्यावर मोरी.

सहा मीटरपर्यंतची ती मोरी, त्यापुढं पूल, असा बांधकामातला हिशेब. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय राज्यभर निघाला. मोरीत वाकून पाहायची सवय मात्र आपल्याला अजून लागलेली नाही.

मोरी एका रात्रीत जात नाही. उसाचं पाचट, बांधावरची माती, बाभळीची फांदी तोंडाशी अडकते. पाईप अर्धा बुजतो. तुंबलेलं पाणी मग पाईपच्या बाहेरून, भरावातून वाट काढतं आणि जाताना माती घेऊन जातं. वर डांबराची साल शाबूत, खाली पोकळ. त्यात पाईपवर मातीचा थर पातळ असला, तर दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरखाली पाईपही तडकतो. सप्टेंबरात परतीचा पाऊस एखाद्या रात्री कोसळला, की सकाळी रस्त्याच्या जागी घळ!

दुधाची गाडी पलीकडं येते, पण फार वेळ थांबत नाही. बाया कॅन डोक्यावर घेऊन पाण्यात उतरतात. शाळा बुडते, मुलींची आधी. आणि दिवस भरलेल्या लेकीला बाजेवर घालून ओढा ओलांडायचा म्हणजे काय, हे त्या घरालाच विचारावं. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

फुटल्या जागी मुरूम लोटतात. तो पुढच्या पावसात जातो. तीन बारीक पाईपांपेक्षा माणूस वाकून आत शिरेल अशी एकच मोरी बरी. जिथं माणूस शिरत नाही, तिथला गाळ काढणार कोण? दोन्ही तोंडांना पक्की भिंत हवी आणि खाली पाणी पडतं तिथं दगडी फरशी.

1 मेच्या ग्रामसभेत नुसतं ‘रस्ता करा’ म्हणू नका. कोणत्या गटाजवळची मोरी, पाईप किती, किती बुजलाय, पाणी कुठून वर चढतं, ते अर्जात लिहा. रोहिणी निघायला तेव्हा तीन आठवडे असतात. तेवढ्यात तोंडं तरी मोकळी होतात.