मुलाची वाढ आणि मजुराचा वेळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आजचा विषय जाहीर केला तेव्हा काही स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "बालसंगोपनावर डॉक्टर बोलतील, शिक्षिका बोलतील, तेथे युनियनवाल्याचे काय काम?" शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे आणि पंडितही नव्हे. शाळा आमची लवकर सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतले कपाट आणि गावचे वाचनालय यांच्या कृपेने. पण पगार, पाळी आणि रजा या तीन गोष्टींसाठी भांडण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले; आणि निरनिराळ्या देशांतील बालविकासाची हकिकत वाचता वाचता आमच्या असे ध्यानात आले, की पाळण्यातल्या मुलाचा प्रश्न पुन्हा पुन्हा या तीन गोष्टींपाशीच येऊन ठेपतो. तो कसा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. जन्माच्या वेळी मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव हिश्शाएवढा असतो. तिसरे वर्ष सरेपर्यंत तो सुमारे ८० टक्क्यांवर पोहोचतो. या काळात मेंदूतील पेशींचे एकमेकींशी अगणित धागे जुळतात. त्यांतील कोणते पक्के व्हावयाचे आणि कोणते गळून जावयाचे, हे मुलाच्या वाट्याला रोज काय येते त्यावर ठरते. आमच्या विणकर मंडळींना हे लवकर समजेल. मागावर ताणा लावला म्हणजे कापड झाले असे नव्हे. बाणा भरावा लागतो. निसर्ग ताणा लावून देतो, बाणा भरावयाचा तो घरच्या आणि समाजाच्या माणसांनी. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी, रोगराईपासून बचाव आणि निर्धास्त झोप, हे तर हवेच. त्याबरोबर मूल हुंकारले की कोणी तरी ओ द्यावी, त्याने बोट दाखविले की कोणी तरी तिकडे पाहावे, हेही हवे. ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा व्हावी लागते. आणि ती करावयाची तर मोठ्या माणसापाशी वेळ पाहिजे. हा वेळ कोठून यावयाचा, हाच आजचा मुद्दा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे माहेरघर होते. तेथील मजूरवस्तीत 'गॉडफ्रीज कॉर्डियल' या नावाचे एक गोड औषध घरोघर असे. त्यात अफू असे. आई पहाटे गिरणीत जाई. मूल सांभाळणारी म्हातारी किंवा शेजारीण त्याला ते पाजून निजवून ठेवी. तीच गोष्ट मुंबईच्या गिरणगावातली. तेथे तिचे नाव 'बाळगोळी'. १९२० च्या दशकात गिरण्यांतील बायांच्या स्थितीची पाहणी झाली तेव्हा कामावर जाणाऱ्या आया मुलांना अफू देतात, हे सरकारदरबारी नोंदले गेले. अफूने मूल रडत नसे; पण त्याची भूकही मरे, आणि ते वाळत जाई. त्या काळचे पुष्कळ भले लोक याचे कारण आयांचे अज्ञान असे सांगत. आम्हांला ते पटत नाही. मँचेस्टरची आई आणि परळची आई यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, देश वेगळा; मग दोघींच्या हाती एकच गोळी कशी आली? दोघींच्या दारात एकच भोंगा वाजत होता म्हणून.

यावर तोडही मजूरवस्तीतच निघाली. स्कॉटलंडात क्लाइड नदीकाठी न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन याची सूतगिरणी होती. सहकारी चळवळीचा आद्य पुरस्कर्ता म्हणून आपण त्याला ओळखतो. १ जानेवारी १८१६ रोजी त्याने गिरणीच्या आवारात कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली, आणि चालू लागलेल्या लहान मुलांनाही तीत घेतले. तेथे मारणे नव्हते. पुस्तकांचा जाच नव्हता. गाणे, नाच आणि भोवतालच्या वस्तूंची ओळख यांवर भर होता. शिक्षक म्हणून त्याने विद्वान नेमला नाही. जेम्स ब्यूकॅनन नावाचा एक विणकर नेमला, कारण त्याच्यापाशी मुलांना लागणारी सबुरी होती.

पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह सुरू झाले. आज मॉन्टेसरी म्हटले की भारी फीची शाळा डोळ्यांपुढे येते; परंतु तिचा जन्म चाळीतला. आईबाप दिवसभर मजुरीला जात, मुले मोकाट राहत, भिंती खराब करीत. चाळी दुरुस्त करणाऱ्या कंपनीने हिशेब केला, की वरचेवर दुरुस्ती करण्यापेक्षा मुलांना एक खोली आणि एक बाई देणे स्वस्त पडेल. त्या हिशेबातून जगप्रसिद्ध पद्धत निघाली.

आता कोणी म्हणेल, जागा दिली, दूध दिले, दाई ठेवली, म्हणजे झाले की नाही? याचेही उत्तर इतिहासाने दिले आहे, आणि ते फार महाग पडले आहे. रेने स्पिट्झ या वैद्याने १९४५ मध्ये दोन संस्थांतील तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एक अनाथाश्रम होता: स्वच्छ, अन्न पुरेसे, डॉक्टर हजर, पण आठ-आठ मुलांमागे एक दाई. दुसरी जागा म्हणजे स्त्रियांचा तुरुंग. तेथे कैदी आया आपापली मुले स्वतः सांभाळीत. तुरुंगातली मुले चांगली वाढली. स्वच्छ अनाथाश्रमातली मुले मागे पडली, आणि दोन वर्षांत त्यांतील सुमारे एक तृतीयांश दगावली.

एवढे होऊनही रुमानिया देशाने तेच फार मोठ्या प्रमाणावर केले. १९६६ मध्ये चाउशेस्कू यांच्या सरकारने लोकसंख्या वाढविण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली. गरिबांना मुले पोसवेनात, तेव्हा ती सरकारी आश्रमांत गेली. १९८९ मध्ये ती राजवट कोसळली त्या वेळी अशा आश्रमांत एक लाखाहून अधिक मुले होती. पुढे बुखारेस्ट शहरात संशोधकांनी आश्रमांतील १३६ लहान मुले निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. निम्म्या मुलांना सांभाळासाठी कुटुंबे मिळवून दिली. बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेली मुले बुद्धीने आणि मायेच्या ओढीने पुढे गेली; आणि सुमारे दोन वर्षांच्या आत जी गेली त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. तात्पर्य, संस्था बांधली म्हणजे मूल सांभाळले असे होत नाही. एका माणसाच्या हाती किती मुले, हा हिशेब चुकला की इमारत, दूध, औषध सारे फुकट जाते.

पण यावरून अन्न गौण आहे असेही कोणी समजू नये. मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशात १९६९ पासून चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना प्रथिनांनी युक्त अशी 'अतोले' नावाची पेज मिळे, दोन खेड्यांत साधे गोड पेय. ती मुले मोठी झाल्यावर पाहिले, तर पहिल्या दोन वर्षांत अतोले मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी ४६ टक्क्यांनी अधिक होती. स्त्रियांच्या मजुरीत मात्र अशी वाढ दिसली नाही. पेज मुलींनीही प्याली होती. शरीर अन्नाने घडते, पण त्याचा मोबदला बाजार ठरवितो, एवढे त्यावरून आम्ही शिकलो.

त्याला जोड जमैकाची. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील वाढ खुंटलेली १२९ मुले १९८६-८७ मध्ये निवडली गेली. त्यांतील काहींच्या घरी साध्या आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास, अशी दोन वर्षे जात होत्या. बरोबर घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी. मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे त्या आईला दाखवीत आणि तिचा हुरूप वाढवीत. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक निघाली. आठवड्याचा एक तास! तो देणारी बाई पगारी होती, शिकविलेली होती, आणि तिच्या कामाला काम म्हणून मान होता. एवढीच त्यातली जादू.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे हे कोणी जाणले नव्हते असे मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासी मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणून त्यांनी 'विकासवाडी' उभी केली. आईला वेळ नसला की मूल वाऱ्यावर पडत नाही. ते मोठ्या बहिणीच्या कडेवर बसते, आणि तिची शाळा बुडते. वेळेची किंमत कोणी तरी देतेच. बहुधा घरातली सर्वांत गरीब जीव ती देते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर झाले. हे मोठे काम आहे. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभरांत पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. का? कारणे पुष्कळ आहेत. त्यांतील एकाकडे आम्ही बोट दाखवितो. अंगणवाडी सेविकेला जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यात मान थोडा आणि धन त्याहून थोडे. वजने, आहारवाटप, पाहण्या, मोबाईलवर भरावयाची माहिती, सारे तिच्याकडे. नोंद अपुरी राहिली तर तिला जाब द्यावा लागतो. मुलाशी बोलणे राहून गेले तर कोणी जाब विचारीत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. योजना सुरू झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी!

कायद्याची कहाणीही पाहण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने १९१९ मध्येच बाळंतपणाची बारा आठवड्यांची रजा आणि अंगावर पाजण्यासाठी कामाच्या वेळेत सुटी यांचा ठराव केला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या बिलावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा पुष्कळसा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला. भार मात्र मालकावर राहिला. मालकाने सोपा मार्ग काढला: बाईच ठेवावयाची नाही. गिरण्यांतून बाया कमी होत गेल्या त्याच्या अनेक कारणांत हे एक होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये तो आकडा तीसवर आला. आणि हजेरीपटावर एकोणतीसच बाया असलेले कारखाने आम्ही स्वतः पाहिले. २०१७ मध्ये रजा सव्वीस आठवडे झाली. उत्तम झाले. पण विडी वळणारी, घरकाम करणारी, विटा वाहणारी, ऊस तोडणारी बाई रजेचा अर्ज कोणाकडे देणार? आणि आपल्या देशातल्या बहुसंख्य कामकरी आया तर अशाच आहेत.

म्हणून आमचे म्हणणे तीन कलमांत सांगतो. पहिले, बाळंतपणाचा आणि पाळणाघराचा खर्च साऱ्या समाजाने उचलावा. तो एकेका मालकाच्या डोक्यावर टाकला की बाईची नोकरी जाते. दुसरे, जेथे आई कामाला जाते तेथे, आणि तिची पाळी सुरू होते त्या वेळी, पाळणाघर उघडे असावे. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच पाळणाघर सुरू करून हे होऊ शकते असे दाखविले. तिसरे, दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या बाईला पुरेसे वेतन द्यावे आणि तिच्या हाती बेताचीच मुले असावीत. बुखारेस्टचा धडा हाच आणि किंग्स्टनचाही हाच.

एक शब्द पुरुषमंडळींसाठी. स्वीडनने १९७४ मध्ये मुलाच्या संगोपनाची पगारी रजा बापालाही खुली केली. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. परंतु पाळीवरून आल्यावर बापाने मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगावयाला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या वॉर्डातली अंगणवाडी आतून पाहिलेली नसेल. या आठवड्यात तेथे अर्धा तास जाऊन यावे. मुले किती, बाया किती, जागा कशी, पाणी आहे की नाही, आणि सेविकेला बोलावयाला फुरसत आहे की नाही, एवढे पाहावे आणि आपल्या नगरसेवकाला विचारावे. आम्ही दहा मोर्चे काढून जे होत नाही ते नागरिकांच्या पाच प्रश्नांनी कधी कधी होते. मूल संप करू शकत नाही, निवेदन देऊ शकत नाही, मतही देत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी मागणी करावयाची ती आपणच.