दाराशी थांबलेला पाहुणा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



माझ्यासारख्या जुन्या चिटणीसाने आज मंडळाचा इतिहास सांगावा, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र विद्यार्थ्यांच्या एका नाचाच्या समारंभाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेलेल्या मला येथून दिसत आहेत. पण थोडा धीर धरावा. शेवटी मी मंडळापाशीच येणार आहे.

गेल्या वर्षी माझ्या नातीच्या महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी या शहरातील एका पंचतारांकित हॉटेलात निरोपाचा ‘बॉल’ योजिला होता. पहिल्या तासाभरासाठी घरच्या वडीलधाऱ्यांनाही निमंत्रण होते. पत्रिकेच्या तळाशी ‘फॉर्मल ड्रेस’ असे दोनच शब्द छापलेले होते. त्यांचा मान राखून मी धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी असा पोशाख केला. माझ्या मुलाच्या लग्नात मी याच वेषात उभा होतो. याहून औपचारिक असे माझ्यापाशी काही नाही.

दारावरच्या तरुणाने मला थांबविले. तो कानडीत अत्यंत विनयाने म्हणाला, ‘सर, आज फॉर्मल ड्रेस आहे.’ मी म्हणालो, ‘माझाही तोच आहे.’ तो बिचारा गोंधळला. त्याला मिळालेल्या यादीत सूट होता, टाय होता, गाऊन होता, साडीदेखील होती; धोतर तेवढे नव्हते. कोणी आत निरोप दिला, नात धावत आली आणि पाचएक मिनिटांत माझा प्रवेश झाला. परंतु लोक बाजूने आत जात असताना दाराशी उभे राहण्याची ती पाच मिनिटे फार मोठी असतात.

आतील सोहळा मला आवडला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुलांनी पंधरा दिवस खपून वॉल्ट्झ शिकून घेतला होता. वॉल्ट्झची चाल तीन मात्रांची. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्राही तीन-तीनच्या दोन भागांत पडतात. त्यामुळे माझा हात नकळत मांडीवर ठेका धरू लागला. पावले चुकत होती, हशा पिकत होता. त्यात अनुचित असे मला काही दिसले नाही. १८१६ साली इंग्लंडच्या राजप्रतिनिधीच्या मेजवानीत वॉल्ट्झ झाला, तेव्हा खुद्द लंडनच्या ‘टाइम्स’ने तो असभ्य ठरवून पालकांना सावध केले होते. आज तोच नाच शालीनतेचा नमुना मानला जातो! केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा ‘मे बॉल’ तर जून महिन्यात होतो. आपली कोजागरी सोयीच्या रविवारी होते, तेव्हा या बाबतीत त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परतताना रिक्षात नात गप्प होती. काही वेळाने म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही निदान आत आलात. आमच्यातला एक जण आलाच नाही. सगळ्यांत चांगला वॉल्ट्झ त्यालाच येत होता.’ त्या मुलापाशी सूट नव्हता. वर्गणी त्याने कशीबशी भरली होती. वर कपड्यांचा खर्च त्याला झेपणारा नव्हता. पुढे ती जे बोलली ते मी विसरलेलो नाही. ती म्हणाली, ‘मागायला त्याला संकोच वाटला आणि विचारायला आम्हांला सुचलं नाही.’

श्रोतेहो, हा ‘बॉल’ आपल्या शहरात आजचा नाही. १८०९ साली येथे इंग्रजांची छावणी वसली आणि तिच्याबरोबर त्यांचे क्लब, त्यांचे बँड आणि त्यांचे नाच आले. आजचा बंगलोर क्लब १८६८ साली लष्करी अधिकाऱ्यांसाठी निघाला. तरुण विन्स्टन चर्चिल त्याचे सभासद होते, आणि त्यांच्याकडून येणे असलेले तेरा रुपये १८९९ साली बुडीत खाती टाकल्याची नोंद तेथील वहीत आहे. कब्बन पार्कच्या एका अंगाला ही छावणी, दुसऱ्या अंगाला जुनी पेठ. पेठेतला माणूस छावणीतल्या नाचाला गेला, तर बहुधा तबक घेऊन गेला. १९४७ साली छावणीचा कारभार म्हैसूर संस्थानाकडे परत आला. दारे उघडली, दारावरची यादी मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

ही यादी किती चिवट असते पाहा. २०१४ साली चेन्नईतील क्रिकेट संघटनेच्या क्लबात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच वर्षी तमिळनाडूच्या विधानसभेला पोशाखावरून अशी अडवणूक करण्याविरुद्ध कायदा करावा लागला. जुलै २०२४ मध्ये आपल्याच शहरात, मुलाबरोबर चित्रपट पाहावयास आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला धोतरामुळे एका व्यापारी संकुलाच्या दारात अडविण्यात आले. लोक संतापले आणि शासनाने ते संकुल सात दिवस बंद ठेवण्याचे जाहीर केले.

याच्या उलट असे एक चित्र मला नेहमी आठवते. १० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी दिलेला स्वागतसमारंभ. त्या प्रसंगीचे छायाचित्र आज उपलब्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत: जपानच्या केई ओकामी किमोनोमध्ये, सीरियाच्या साबात इस्लामबुली आपल्या देशीच्या वेषात, आणि आपल्या आनंदीबाई जोशी साडीत. आनंदीबाईंचे धैर्य आपण नेहमी गातो, आणि ते गावेच. पण यजमानांचाही थोडा विचार करावा. समारंभ औपचारिक होता, आणि प्रत्येकीने आपापल्या घरचा उत्तम वेष घालून येणे हीच तेथे औपचारिकता मानली गेली. या समारंभानंतर पाच महिन्यांनी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाई पदवीधर झाल्या.

आता मंडळापाशी येतो. हॉटेलच्या दारात मला राग आला होता. घरी आल्यावर मात्र मला लाज वाटली. त्याचे कारण असे.

बंगळूरशी मराठीचा संबंध आपल्या मंडळाने जोडलेला नाही. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६८७ पर्यंत ते भोसल्यांकडे राहिले. पेठेतील भावसार, नामदेव शिंपी आणि इतर कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जात आहे. ती कानडी वळणाची आहे, पुस्तकी नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका घरातील मुलगी आपल्या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलावयास उभी राहिली. तिसऱ्या वाक्याला सभागृहात हशा पिकला. मी चिटणीस म्हणून पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि मीही हसलो. तिने भाषण पुरे केले, नमस्कार केला आणि ती खाली उतरली. पुढे ती मंडळात कधीच आली नाही, आणि ती का येत नाही हे विचारावयास आमच्यापैकी कोणी तिच्या घरी गेले नाही.

आमच्या दारावर धोतराची अडवणूक नव्हती, भाषेची होती. पुण्या-मुंबईच्या मराठीचा सूट ज्याच्यापाशी नाही, त्याने बाहेर उभे राहावे, असे आम्ही छापले नव्हते, एवढेच. त्या दारावरच्या तरुणाने माझ्याशी विनयाने बोलणे केले होते. आम्ही तेवढेही केले नाही.

नीटनेटकेपणा नको, भाषेची निगा नको, असे मी म्हणत नाही. समारंभाला शोभा हवी, आणि व्यासपीठावरची मराठी चांगलीच हवी. पण चांगली भाषा शिकविण्यासाठी असते. तिच्या आधारे कोणाला परत पाठवावयाचे नसते. म्हणून माझी एकच विनंती आहे. पुढील स्नेहसंमेलनात एक संध्याकाळ या शहरातील जुन्या मराठी घरांसाठी ठेवावी. त्यांनी त्यांच्या मराठीत बोलावे, गावे, आणि आपण ऐकावे. निमंत्रण टपालाने न पाठविता घरोघर जाऊन द्यावे. पहिल्या घरी मी स्वतः जाईन. पत्ता मला ठाऊक आहे. जाण्याचे धैर्य मात्र इतकी वर्षे झाले नव्हते.