वह्यांचा गठ्ठा आणि उद्याचा धडा



आपल्या बचत गटांत शिलाई करणाऱ्या आहेत, डबे देणाऱ्या आहेत, चाकण-भोसरीच्या कंपन्यांत पाळीवर जाणाऱ्या आहेत. आणि शाळेत शिकवणाऱ्याही आहेत. कुणी झेडपीच्या, कुणी महापालिकेच्या, कुणी खासगी शाळेत. मासिक बैठकीत या बाईंच्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा असतो आणि शेजारी बसलेल्या आईची तक्रार असते, ‘आमच्या बाई वह्याच तपासत नाहीत!’ आज मला या दोघींशीही बोलायचं आहे.

आधी साधा हिशोब करू. वर्गात ४० मुलं, चार विषयांच्या वह्या, एका वहीला फक्त दोन मिनिटं. झाली ३२० मिनिटं, म्हणजे पाच तासांहून जास्त. हे रोज होणं शक्य आहे का? मग बाई काय करतात? रात्री स्वयंपाक उरकून नुसत्या बरोबरच्या खुणा करत सुटतात. उद्याच्या पाठाचं टाचण राहून जातं, किंवा मागच्या वर्षीचंच उतरवलं जातं. वह्या लाल होतात, पण दुसऱ्या दिवशी वर्गात काय करायचं ते ठरलेलंच नसतं. यात नुकसान होतं ते मुलांचं.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की तपासणी आणि तयारी ही दोन वेगळी कामं मानू नका. आपण गटाची हिशोबवही कशासाठी बघतो? हप्ता कुणाचा थकला, का थकला, पुढच्या महिन्यात कर्ज कुणाला द्यायचं, हे ठरवण्यासाठी. मुलांची वहीही तशीच बघायची. उद्या काय शिकवायचं, ते आजच्या वहीत लिहिलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. ५०२ वजा २७८. बरोबर उत्तर २२४. बऱ्याच मुलांचं येतं ३७६. कसं? प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून दोन, सातातून शून्य, पाचातून दोन. अशा १५ वह्यांवर १५ फुल्या मारून काही साधत नाही. एका चिठ्ठीवर लिहा, ‘मध्ये शून्य असताना हातच्याची वजाबाकी’. झालं उद्याचं टाचण.

आपल्या भागात दुसरंही दिसतं. कामासाठी उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या घरांतली मुलं मराठी शाळेत असतात. ती ‘शाळा’ला ‘शाला’ लिहितात, ‘फळ’ला ‘फल’. ती जसं बोलतात तसंच लिहितात. प्रत्येक शब्दाभोवती गोल काढला तर मूल वही लपवायला लागेल. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं ‘ळ’चे शब्द सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्या.

आता रोजचं कसं बसवायचं? एका दिवशी एकच विषय नीट तपासा. बाकीचे स्वाध्याय फळ्यावर उत्तरं लिहून मुलांकडूनच तपासून घ्या, वह्या जोडीत बदलून. नीट तपासताना तीन ढीग करा: जमलं, अर्धवट जमलं, नाही जमलं. तिसऱ्या ढिगातल्या मुलांना उद्या आधी जवळ बसवा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर थांबून पुढच्या आठवड्याचं टाचण करा, आणि तो तास दुसऱ्या कामाला देऊ नका. त्याच इयत्तेला शिकवणारी मैत्रीण असेल तर विषय वाटून घ्या.

गुणांपेक्षा एका ओळीचा शेरा द्या. ‘छान’ नको. ‘रीत बरोबर, शून्याशी चुकलं’ असा हवा. १९८८ साली इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी यावर अभ्यास केला. ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला, त्यांचं पुढचं काम सुधारलं. नुसते गुण किंवा गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. गुण दिसले की नजर तिथेच थांबते.

हे नियमाबाहेरचं नाही बरं का. आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनात चाचणी आणि स्वाध्याय आहेत, तसंच दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम आणि प्रकल्पही आहेत. म्हणजे मुलानं उभं राहून नीट सांगितलं, तर तीही नोंदच. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत, तेही तयारीचे तास धरून. तयारी हे कामच आहे, घरी उरकायची हौस नव्हे.

आपल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या झेडपी शाळेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत तिला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथं ‘विषयमित्र’ पद्धत आहे. ज्याला जे येतं, ते तो दुसऱ्याला शिकवतो, वयाचं बंधन नाही. तुमच्या वर्गातही तीन-चार विषयमित्र तयार झाले, तर अडलेल्या मुलांजवळ बसायला बाईंना वेळ मिळेल.

आता आयांनो, तुमच्यासाठी. वहीतल्या लाल खुणा मोजू नका. पालक सभेत ‘बाई, वही का तपासली नाही’ असं न विचारता ‘माझ्या पोराचं कुठं अडतंय?’ असं विचारा. ज्या बाईंना ते सांगता येतं, त्यांनी वही वाचलेली असते. आपण पानोपानी लाल शाई मागितली, तर घाबरून बाई तेवढीच देतील आणि शिकवण्याचा वेळ त्यातच जाईल.

ज्यांच्या घरी शिक्षिका आहे, त्या घरच्यांनाही एक सांगते. पाळीवरून आलेल्या माणसाला आपण विचारतो, ‘दमलास का?’ शाळेतून आलेल्या बाईला मात्र ‘अर्धा दिवस तर काम’ असं म्हणतो. आठवड्यातली एक संध्याकाळ पोळ्या दुसऱ्या कुणी लाटल्या, तर चाळीस मुलांचा धडा नीट होईल.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक शिक्षिकेनं आपल्या वर्गात सगळ्यात जास्त होणारी एक चूक सांगावी, आणि ती कशी घालवली तेही. कर्जाच्या हिशोबानंतर दहा मिनिटं त्यासाठी ठेवू या.