ठाण्याचे रकाने आंखणारा



पोलीस खात्यांतील नोकरी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें खाकी गणवेष, काठी, शिट्टी आणि फार तर साहेबांची गाडी उभी राहते. परंतु या खात्यासाठीं राबणारा, गणवेष न घालणारा आणि चोराचें तोंड जन्मांत न पाहिलेला असाही एक मनुष्य आतां आहे. तो खोलींत बसून संगणकाची आज्ञावली लिहितो. त्याच्या हुद्द्याला सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणतात. माझा एक जुना विद्यार्थी गेलीं कित्येक वर्षें एका राज्याच्या पोलीस दलासाठीं हेंच काम करीत आहे. त्याच्याशीं वेळोवेळीं झालेलें बोलणें आणि स्वतःचें थोडें वाचन यांवरून या कामाविषयीं माझें जें मत बनलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मराठी शाळेचा मास्तर. यंत्राच्या पोटांत काय चालतें हें मला विचारूं नये. मात्र हजेरीपटाचे रकाने मीं आयुष्यभर आंखले आहेत, आणि या विद्यार्थ्याचें कामही, मुळाशीं जाऊन पाहिलें तर, रकाने आंखण्याचेंच आहे. भेद एवढाच कीं माझ्या रकान्यामुळें फार तर एखादा मुलगा गैरहजर ठरे. त्याच्या रकान्यामुळें मनुष्य गजांआड जाऊं शकतो.

हें काम संगणकाबरोबर जन्मास आलें, असें मात्र कोणीं समजूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्यापुढें एक कोडें होतें. बोटांचे ठसे घेणें सोपें. परंतु हजारों कागदांच्या ढिगांतून हवा तो कागद काढावयाचा कसा? कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणित शिकलेला अझीझुल हक नांवाचा तरुण त्यांनीं उपनिरीक्षक म्हणून घेतला. हेमचंद्र बोस हे हकांचे सहकारी. त्यांनीं बसविलेली रीत एखाद्या हुशार मुलाला फळ्यावर समजावून सांगतां येईल इतकी सोपी आहे. दहा बोटांच्या पांच जोड्या कराव्या. पहिल्या जोडींतील बोटावर चक्र असेल तर त्यास सोळा गुण, दुसऱ्या जोडीस आठ, मग चार, दोन आणि एक. चक्र नसेल तर शून्य. जोडींतील एका बोटाचे गुण एका बेरजेंत घालावे, दुसऱ्याचे दुसऱ्या बेरजेंत. दोन्ही बेरजांत एकेक मिळविला म्हणजे प्रत्येक बेरीज १ ते ३२ यांच्या दरम्यान येते. बत्तीस आडवे आणि बत्तीस उभे, असें १०२४ खणांचें कपाट झालें. कोणत्याही माणसाचा कागद त्यांपैकीं एकाच खणांत जावयाचा. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली आणि १९०१ सालीं लंडनच्या स्कॉटलंड यार्डानें हीच पद्धत उचलली. तिला नांव मिळालें हेन्रीसाहेबांचें. हक पुढें खानबहादूर झाले, बोस रायबहादूर झाले. पण अंकगणित कोणाचें होतें याची वाच्यता फार उशिरा झाली. पोलिसांच्या आज्ञावलीचे पहिले लेखक हेच दोघे, असें माझा विद्यार्थी म्हणतो, आणि तें मला पटतें. यंत्र तेवढें नव्हतें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हकांचें कपाट गुन्हेगार कोण हें सांगत नव्हतें. कोठें पाहावें एवढेंच सांगत होतें. खणांतील कागद काढून, भिंग घेऊन, रेघ न् रेघ ताडून पाहण्याचें काम माणसाचें होतें.

आतां आपल्या काळाकडे येऊं. २००९ सालीं केंद्र सरकारनें सुमारें दोन हजार कोटि रुपयांची एक योजना मंजूर केली. देशांतील जवळजवळ चौदा हजार ठाणीं आणि सहा हजार वरिष्ठ कचेऱ्या एका जाळ्यांत जोडाव्या, फिर्याद संगणकावर नोंदवावी आणि एका ठाण्याची नोंद दुसऱ्यास दिसावी, असा तिचा हेतु. सी.सी.टी.एन.एस. हें तिचें आद्याक्षरी नांव ठाण्यांतील प्रत्येक हवालदाराच्या तोंडीं आहे. तेव्हांपासून, पूर्वीं जाड नोंदवहींत शाईनें जें लिहिलें जाई, तें पडद्यावरील रकान्यांत भरावें लागूं लागलें.

वहीच्या रकान्यांत आणि पडद्यावरील रकान्यांत मोठें अंतर आहे. वहींतला रकाना हवालदार रिकामा सोडूं शके, समासांत चार ओळी लिहूं शके. पडद्यावरील कांहीं रकाने सक्तीचे असतात. ते भरल्यावांचून पुढचें पान उघडतच नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें प्रारंभीं फिर्यादीचा पूर्ण पत्ता असाच सक्तीचा केला होता. पुढें कांहीं महिन्यांनीं गुन्ह्यांचा नकाशा काढून पाहतात तों काय, खुद्द एका ठाण्याच्या इमारतींत बरेंचसें पीडित लोक राहत असल्याचें निघालें! तो स्वतः तेथें जाऊन ठाणे अंमलदाराशेजारीं दोन दिवस बसला, तेव्हां उलगडा झाला. पुलाखालीं राहणारी मजूर बाई फिर्याद द्यावयास आली कीं तिला घर नंबर कोठला? पान तर पुढें सरकेना. हवालदार बिचारा ठाण्याचाच पत्ता टाकून मोकळा होई. आणि जो इतका कनवाळू नसे, तो बाईस परत पाठवी. रकाना रिकामा ठेवण्याची मुभा आणि "ठाव नाहीं" असा एक पर्याय, एवढी दुरुस्ती त्यानें त्यानंतर केली. आम्हां मास्तर मंडळींना यांत नवल वाटावयास नको. खेड्यापाड्यांतील असंख्य मुलें एक जूनला जन्मलीं असें शाळांचीं रजिस्टरें आजही सांगतात, तें काय उगीच? जन्मतारखेचा रकाना मोकळा ठेवावयाची सोय नव्हती!

नांवांचें प्रकरण याहून अवघड. फरारी माणसाचें नांव एका ठाण्यांत एक तऱ्हेनें लिहिलेलें, दुसऱ्यांत दुसऱ्या. उच्चारावरून नांवें जुळविण्याची एक जुनी अमेरिकन पद्धत आहे, साउंडेक्स. तिचें मूळ रॉबर्ट रसेल यानें १९१८ सालीं घेतलेल्या पेटंटांत आहे. नांवाचें पहिलें अक्षर तसेंच ठेवावयाचें, पुढचे स्वर गाळावयाचे आणि सारख्या जातीच्या व्यंजनांना एकच आंकडा द्यावयाचा. ही पद्धत इंग्रजी कानांसाठीं घडलेली. आपला वाघ कोणी डब्ल्यू घालून लिहितो, कोणी व्ही घालून; पहिलें अक्षर बदललें कीं या पद्धतीच्या लेखीं ते दोन निरनिराळे वाघ. उलट शिंदे, संत आणि विलायतेचा स्मिथ हे तिघे एकाच खणांत जाऊन बसतात, कारण तिघांचाही संकेत एस ५३० असाच निघतो. म्हणजे खरा फरारी निसटावयाचा आणि भलत्याच सज्जनाच्या दारांत पोलीस उभे राहावयाचे. या गृहस्थानें अखेरीस जुन्या हवालदारांना बरोबर घेऊन आपल्या आडनांवांच्या, टोपणनांवांच्या आणि "उर्फ"च्या याद्या केल्या व देवनागरी उच्चारावरून जुळणी बसविली. माझ्या मतें त्याच्या नोकरींतलें हें सर्वांत चांगलें काम. त्यासाठीं त्याला बढती मिळाल्याचें ऐकिवांत नाहीं.

कांहीं रकाने असेही असतात कीं ते मुळांत कां आंखले, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. आरोपीची जात हा त्यांपैकीं एक. सप्टेंबर २०२५ मध्यें अलाहाबाद उच्च न्यायालयानें पोलिसांच्या कागदपत्रांतून जातीचा उल्लेख काढून टाकण्यास सांगितलें, आणि उत्तर प्रदेश सरकारनें त्याच महिन्यांत तसा आदेश काढला. ज्या गुन्ह्यांत जात हाच कायद्याचा मुद्दा असतो, ते अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे अर्थात् वगळले आहेत. एक रकाना पुसण्यासाठीं उच्च न्यायालयाला लेखणी उचलावी लागली. तो आंखणाऱ्याला मात्र काय लागलें असेल? एक दुपार.

१ जुलै २०२४ रोजीं भारतीय दंड संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांचीं ३५८ झालीं, खुनाचें ३०२ जाऊन १०३ आलें. जुन्या तारखेचा गुन्हा त्यानंतर नोंदला तरी त्यास जुनेंच कलम लावावयाचें, म्हणून आज्ञावलीनें आधीं गुन्ह्याची तारीख विचारली पाहिजे. त्या रात्रीं हे लोक झोंपले नाहींत, एवढेंच सांगतों.

आतां पुनः ठशांकडे. मार्च २००४ मध्यें स्पेन देशांत माद्रिद येथें आगगाड्यांत स्फोट झाले. स्फोटाच्या सामानाच्या एका पिशवीवर ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफ.बी.आय. संस्थेच्या संगणकानें आपल्या प्रचंड संग्रहांतून मिळतेजुळते वीस ठसे काढून दिले. त्या यादींत चौथा ठसा ओरेगन राज्यांतील एका वकिलाचा होता. स्पेनच्या पोलिसांनीं हा ठसा जुळत नाहीं असें कळविलें असतांही अमेरिकन तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिले, आणि त्या निरपराध गृहस्थास मे महिन्यांत दोन आठवडे अटकेंत काढावे लागले. अखेर तो ठसा अल्जीरियाच्या एका माणसाचा असल्याचें स्पेनमध्यें निष्पन्न झालें व एफ.बी.आय.ने माफी मागितली.

यंत्र येथें चुकलें, असें म्हणवत नाहीं. सर्वांत सारखे दिसणारे ठसे आण, अशी त्यास आज्ञा होती. त्यानें ते आणले. संग्रह जितका मोठा, तितके त्यांत जुळे भाऊ शोभावेत असे परके ठसे सांपडण्याचा संभव अधिक. पण अशा यादींत वीस नांवें दाखवावीं कीं पांच, नांवाशेजारीं गुणांचा आंकडा छापावा कीं नाहीं, माथ्यावर शब्द कोणता लिहावा, हें सर्व आज्ञावली लिहिणारा ठरवितो. माझ्या विद्यार्थ्याला मिळालेल्या आराखड्यांत अशा यादीचा मथळा "संशयित" असा होता. त्यानें तो बदलून "ताडून पाहावयाचे ठसे" असा करावा म्हणून वरिष्ठांशीं तीन महिने पत्रव्यवहार केला. मथळा बदलला. १०२४ खणांच्या कपाटावर हकांनीं लिहिला असता तर असाच शब्द लिहिला असता.

शेवटचा प्रश्न विस्मरणाचा. जुन्या दफ्तरांना वाळवी लागे. तें नुकसान खरें, पण त्या वाळवींत थोडी दयाही होती. यंत्राला वाळवी लागत नाहीं. २०२२ च्या फौजदारी ओळख-प्रक्रियेच्या कायद्यान्वयें घेतलेलीं मापें व ठसे पंचाहत्तर वर्षें जपावयाचे आहेत. पूर्वीं शिक्षा न झालेला मनुष्य सर्व अपिलें संपून निर्दोष सुटला, तर न्यायालयाचा किंवा दंडाधिकाऱ्याचा निराळा हुकूम नसल्यास त्याची नोंद नष्ट करावी, असेंही त्याच कायद्यांत आहे. पण नोंद चढते ठाण्यांत आणि सुटकेचा निकाल लागतो न्यायालयांत, कधीं दहा वर्षांनीं, कधीं वीस. तो निकाल यंत्रास कळवावा कोणीं? माझ्या विद्यार्थ्यानें "निर्दोष सुटका" असा एक रकाना त्या आज्ञावलींत घातला आहे, आणि तो भरला गेला कीं बत्तीस दिवसांत नोंद पुसण्यासाठीं अधिकाऱ्यापुढें येईल अशी व्यवस्था केली आहे. आतां त्याचा पत्रव्यवहार चालू आहे तो हा रकाना भरण्याचें काम कोणत्या कचेरीकडे सोंपवावें याविषयीं.