शांघायचे दर्शन आणि मुंबईचे स्वप्न

(काशीमीरा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्यापारानिमित्त, शिक्षणासाठी किंवा निव्वळ पर्यटनासाठी शांघायला जाऊन येणाऱ्या मराठी माणसाचे प्रवासवर्णन बहुधा एका ठरावीक वाटेने जाते. ह्वांगपू नदीचा काठ, पलीकडे फूतोंगचे गगनचुंबी मनोरे, विमानतळावरून सुटणारी चुंबकीय रेल्वे, लखलखता नानजिंग रस्ता. आणि शेवटी एक सुस्कारा – ‘असे काही मुंबईत कधी होणार?’ हा सुस्कारा केवळ प्रवाशाचा नाही. २००४ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी मुंबईचा असा कायापालट व्हावा की लोकांना शांघायचा विसर पडावा, अशी आकांक्षा बोलून दाखविली आणि ‘मुंबईचे शांघाय’ हे राज्यकर्त्यांचे घोषवाक्य होऊन बसले. म्हणूनच शांघायमध्ये नेमके काय पाहावे, याचा विचार महामार्गाच्या या नाक्यावर बसून करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रवाशाला प्रथम नेले जाते ते ‘बंड’ नावाच्या नदीकाठावर. हा शब्द चिनी नाही. बांध या अर्थाचा हिंदुस्थानी ‘बंद’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याबरोबर तिकडे नेला. शब्दापाठोपाठ पैसाही इकडूनच गेला. १८४२ च्या नानजिंग तहाने इंग्रजांनी चीनच्या गळ्यात तोफेच्या बळावर जो व्यापार बांधला, त्यातील मुख्य जिन्नस अफू हा होता. आणि माळव्याच्या शेतकऱ्याने पिकविलेली अफू मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत असे. त्या व्यापारात ज्यांनी संपत्ती कमावली त्यांत सर जमशेटजी जिजीभाईंसारखे मुंबईचे दानशूर होते, तसेच सासून घराणेही होते. मुंबईतील सासून डॉक, डेव्हिड सासून ग्रंथालय आणि बंडवर १९२९ मध्ये उभे राहिलेले, आज ‘पीस हॉटेल’ म्हणून ओळखले जाणारे सासूनचे भव्य हॉटेल या एकाच घराण्याच्या खुणा होत. मुंबईकर प्रवासी त्या इमारतीसमोर उभा राहून छायाचित्र काढतो, तेव्हा त्या दगडांत माळव्याच्या कुळाचा घाम आणि चिनी व्यसनाधीनाचे उद्ध्वस्त घर एकत्र चिणले गेले आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

बंडवरूनच नानजिंग रस्ता सुरू होतो. आज तेथे झगमगती दुकाने आहेत. ३० मे १९२५ रोजी याच रस्त्यावर परकीय वसाहतीच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. जपानी मालकीच्या कापडगिरणीत एका कामगाराची हत्या झाली होती, तिचा निषेध करण्यासाठी विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले होते. गोळ्या झाडणाऱ्या शिपायांत चिनी होते, तसेच साम्राज्याने पोटासाठी तेथे नेलेले पंजाबचे शीख शिपाईही होते. एका गुलाम देशाच्या गरिबाकडून दुसऱ्या पिचलेल्या देशाच्या गरिबावर बंदूक चालवून घेणे, ही साम्राज्यशाहीची जुनीच रीत. या घटनेने चीनभर बहिष्काराची आणि संपाची लाट उसळली.

तेथून जवळच, पूर्वीच्या फ्रेंच वसाहतीत, विटांचे एक साधे दुमजली घर जतन केलेले आहे. चिनी कम्युनिस्ट पक्षाची पहिली परिषद जुलै १९२१ मध्ये या घरात भरली. दगडी चौकटीच्या दारांची, अरुंद गल्लीत एकमेकांना चिकटलेली अशी घरे म्हणजे शांघायच्या चाळीच म्हणाव्यात. गिरणगावाप्रमाणेच तेथेही ओटा, नळ आणि भांडण ही सामाईक मालमत्ता होती. आज त्या ऐतिहासिक घराच्या शेजारची गल्ली ‘शिनथ्येनती’ या नावाने महागडी उपाहारगृहे आणि दुकाने यांनी गजबजली आहे. हाँगकाँगच्या विकासकाने जुन्या भिंती राखल्या, परंतु भिंतीआडची माणसे तेथून गेली. लालबाग-परळच्या माणसाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही.

याचा अर्थ शांघायमध्ये शिकण्यासारखे काहीच नाही असा मात्र नव्हे. एप्रिल १९९० मध्ये फूतोंगच्या विकासाची घोषणा झाली, तेव्हा तेथे मोठ्या प्रमाणावर शेती होती. आज तेथे ६३२ मीटर उंचीचा, २०१५ मध्ये पूर्ण झालेला शांघाय टॉवर उभा आहे. मनोऱ्याची उंची मोजण्यात फारसा अर्थ नाही. परंतु १९९३ मध्ये पहिला मार्ग सुरू झालेली भुयारी रेल्वे आज ८०० किलोमीटरहून अधिक पसरली आहे, ही गोष्ट लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या भाईंदरकराने अवश्य ध्यानात घ्यावी. शहरातील जमिनीची मालकी शासनाची, आणि सार्वजनिक वाहतुकीवर दीर्घकाळ सातत्याने खर्च करण्याची तयारी, या दोन गोष्टींवाचून ते शक्य झाले नसते. उलट मुंबईत काय झाले? गिरण्यांच्या जमिनींपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी देण्याचा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ मध्ये तो दुरुस्त करून ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरविण्यात आली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. शांघायचे नाव घेणाऱ्यांनी जमिनीचा प्रश्न मात्र शांघायसारखा कधी विचारलाच नाही.

आता प्रवाशाला जे सहसा दिसत नाही, ते पाहू. २०२० च्या जनगणनेनुसार शांघायची लोकसंख्या सुमारे २ कोटी ४९ लाख भरली. त्यांपैकी १ कोटीहून अधिक लोक बाहेरून आलेले, म्हणजे तेथील स्थायी नोंदणी नसलेले आहेत. १९५८ पासून चालत आलेल्या ‘हुकोऊ’ या नोंदणीपद्धतीत माणसाचे हक्क त्याच्या मूळ गावाशी जखडलेले असतात. मनोरे बांधणारा, भांडी घासणारा, घरोघर जेवणाचे डबे पोचविणारा कामगार शहरात राबतो. पण त्याच्या मुलाला विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा बहुधा मूळ प्रांतात जाऊनच द्यावी लागते. शहराला त्याचे हात हवे असतात, त्याचे कुटुंब नको असते.

हे ऐकून कोणी चीनला नावे ठेवण्याची घाई करू नये. महाराष्ट्रात ‘हुकोऊ’ नाही, पण ‘पात्रता दिनांक’ आहे. झोपडीवासीयाच्या माणूसपणाचा निवाडा येथे पुराव्याच्या कागदावर होतो. ती तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, २०१४ च्या कायद्याने ती १ जानेवारी २००० झाली. ‘मुंबईचे शांघाय’ या घोषणेची पहिली कृती कोणती झाली, तेही विसरता येणार नाही. २००४ च्या डिसेंबरपासून २००५ च्या प्रारंभापर्यंत मुंबईत सुमारे ८० ते ९० हजार झोपड्या जमीनदोस्त करण्यात आल्या. भुयारी रेल्वे यायला पुढे दशके लागली. बुलडोझर मात्र लगोलग आले.

आणखी एका वर्षाची नोंद घेण्यासारखी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. एकाच संघटनेला मान्यतेची मक्तेदारी देणारा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करावा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्याच १९८२ साली चीनने नव्या राज्यघटनेतून संपाचा हक्क वगळला. तेथेही अधिकृत महासंघाबाहेर कामगारांना स्वतःची संघटना उभारता येत नाही. एका ठिकाणी संप चिरडला गेला, दुसऱ्या ठिकाणी त्याचा हक्कच पुसला गेला. पुढील वीस वर्षांत दोन्ही नगरांतील गिरण्यांचे भोंगे हळूहळू शांत झाले. समाजवादाचे नाव घेणारे राज्य आणि लोकशाहीचे नाव घेणारे राज्य, या दोहोंनीही कामगाराच्या स्वतंत्र आवाजाची धास्ती घ्यावी, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. भाकरी आणि स्वातंत्र्य यांची फारकत करता येत नाही, हा लोकशाही समाजवादाचा आग्रह पुस्तकी नव्हता, याची साक्ष ही दोन शहरे देतात.

काशीमीऱ्याला या चर्चेत जागा आहे, ती याच कारणाने. मुंबईत घर परवडेना म्हणून जो माणूस दहिसरच्या नाक्यापलीकडे लोटला गेला, त्याने हे शहर वसविले आहे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. १९८५ मध्ये येथे नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. मिठागरे, खाड्या आणि डोंगरकडेचे पाडे यांच्या मधोमध इमारती वाढल्या. आता येथेही मनोऱ्यांची जाहिरात सुरू झाली आहे. येथला माणूस एकदा हलविला गेला आहे. नगराच्या सौंदर्यासाठी त्याला दुसऱ्यांदा हलविले जाणार नाही, याची हमी कोणी दिलेली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी शांघायचे गोडवे ऐकावेत, छायाचित्रेही पाहावीत. परंतु प्रत्येक विकास आराखडा हाती आला की तीन प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची आणि तिच्या वाढलेल्या किमतीचा धनी कोण? शहर बांधणाऱ्याला शहरात नांदण्याचा हक्क आहे काय? आणि निर्णय घेताना त्याला कोणी विचारले काय? पहिल्या प्रश्नाला चीनने अर्धेमुर्धे उत्तर दिले, तिसऱ्याला उत्तर देण्याची मुभा अजून भारतात आहे, आणि दुसरा प्रश्न दोन्ही देशांत अनुत्तरित आहे. आराखड्यावर हरकती नोंदविण्याची मुदत कागदोपत्री प्रत्येक नागरिकाला मिळते. ती मुदत वस्ती-वस्तीत, पाड्या-पाड्यांत जाऊन सांगणे आणि हरकतींचे अर्ज भरून घेणे, एवढे काम तरी या अभ्यासवर्गातून उठल्यावर लगेच हाती घेता येईल.